फोटो चार

प्राध्यापक उदयसिंह यांचा 'सोलापुरातील घरगुती मारहाण' हा लेख साध्या टेक्स्ट फाइलमध्ये होता. त्याची मांडणी करून छापायची पीडीएफ काढायचं काम नेहमीसारखं त्यांच्या बायकोकडे, रेश्माकडे होतं. पीडीएफ निघाली, पण मार खाल्लेल्या बायकांच्या चारही फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी आल्या.

"अहो, फोनमधले फोटो असे थेट येत नाहीत. फॉरमॅट बदलून घेते की."

"मला शिकवतीस?" उदयसिंहांनी कमरेचा पट्टा ओढून काढला. बक्कल तिच्या पाठीत सहा वेळा रुतलं, तेव्हा कुठे त्यांचा हात थांबला.

सकाळी रेश्मानं फोटो जेपीजी करून जागेवर बसवले. उदयसिंहांनी शेवटची नजर टाकली ती नेहमीप्रमाणे टेक्स्ट फाइलवरच. तिथं फोटो दिसत नाही, त्याच्या जागी नुसतं फाइलचं नाव असतं. 'फोटो ४' वाचून त्यांनी मान हलवली.

"पाठव संपादकांना."

दुपारी संपादकांचा फोन आला.

"सर, पहिल्या तीन बायकांचे चेहरे तुम्ही झाकलेत. चौथ्या फोटोत वहिनींचा का नाही झाकला?"