पहिला घाव

पत्रूनं कुऱ्हाड उलटी धरून सागाच्या बुंध्यावर हाणली, कान लावला आणि मागं सरला.

"पोकर हाय, साहेब. कोन्या बाजूनं पडन, सांगता येत नाई."

जंगलखात्याचा हा साहेब नवा होता. एटापल्लीच्या पलीकडच्या या जंगलात येऊन त्याला महिनाही झाला नव्हता. "हॉलो," तो हसला. "बाहेरून ठणठणीत, आत काही नाही. असू दे. तोडीचा शिक्का मारलाय ना, मग आज पडलं पाहिजे."

पत्रू हलला नाही.

"अरे, झाड हॉलो आहे की तू?" साहेबानं दोन बोटांनी पत्रूच्या छातीवर ठकठक केलं. "माणसंही असतात बरं हॉलो."

बाकीचे तोडकरी खाली बघू लागले. चार लोकांत माणसाला असं वाजवून बघायचं म्हणजे हद्दच झाली. पण साहेबाला बोलणार कोण? फांद्या गोळा करणारी पत्रूची बायको बुधरी तेवढी हातातलं काम टाकून उभी राहिली.

पत्रूनं कुऱ्हाड साहेबापुढं धरली. "असं झाड आमी आपल्या मनानं तोडत नाई. ज्याले पायजे, त्यानं पयला घाव घालाचा. अन् झाड पडेपर्यंत तोडनाऱ्याच्या संग उभं राहाचं."

"एवढंच? मी आहे ना!" साहेबानं घाव घातला. साल उडाली. त्यानं रुमालानं हात पुसले, थोडा वेळ उभाही राहिला. मग ऊन लागायला लागलं तसा जीपच्या सावलीत जाऊन बसला.

पत्रूनं एकदा वळून त्याच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं, आणि कुऱ्हाड चालवत राहिला. झाड अर्धं कापलं गेलं आणि उभंच्या उभं चिरलं. बुंध्याची फाक मागं उसळली ती थेट पत्रूच्या छातीवर. पत्रूला ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

तोडकऱ्यांच्या झोपडीतली खाट आणली, त्याला तिच्यावर ठेवलं. साहेब धावत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नसावं.

"बाई, फार वाईट झालं. काळजी करू नका. मी आहे ना."

बुधरीनं नवऱ्याच्या तोंडावरचा भुसा पदरानं पुसला. मग मान वर केली.

"पयला घाव तुमचा होता, साहेब. आता पयला खांदा बी तुमचाच."

 तिघं तोडकरी पुढं झाले, खाटेच्या तीन पायांशी वाकले, आणि डोक्याकडचा उजवा पाय त्यांनी मोकळा ठेवला. साहेबानं त्या पायाकडं पाहिलं. मग गावाकडच्या रस्त्याकडं पाहिलं. गाव लांब होतं.

"मी पुढं जाऊन कळवतो," तो म्हणाला.

जीप दिसेनाशी झाली तरी तिघं खाट धरून तसेच वाकलेले होते. चौथा पाय अजून मातीतच होता.