न हललेला ठिपका

“ठमे, मघाशी ठिपका हलला. कुठे निघालीस?”

“कुठे नाही रे दादा. डोळ्यावर ऊन येत होतं, म्हणून पलीकडच्या टेबलावर बसले.”

“बरं. बस तिथेच.”

ठमीने फोन ठेवला. वाचनालय खच्चून भरलं होतं, पण शेजारच्या खुर्चीवर तिने दप्तर ठेवलं होतं. लॅपटॉप उघडला की आपोआप फोटो निघून दादाकडे जायचा. एकदा त्या फोटोत वर्गातल्या एका मुलाचं कोपर आलं, तर दादाने घर डोक्यावर घेतलं होतं. नुसत्या कोपरावरून.

दादाचा धंदा दुकानांना कुलपं आणि कॅमेरे बसवण्याचा. बाबा गेल्यावर घर त्यानेच ओढलं. ठमीच्या शिक्षणासाठी लॅपटॉपही त्यानेच हौसेने आणला आणि एखाद्या पेढीचा करावा तसा त्याचा बंदोबस्त केला. तळाला बटणाएवढी डबी चिकटवली. लॅपटॉप जिथे जाईल तिथे त्याच्या मोबाईलवर ठिपका सरकायचा. वर टेबलाला बांधायला पोलादी तार दिली, कुलपासकट. “करवतीनेही तुटायची नाही,” म्हणाला होता. तार दप्तराच्या तळाशी तशीच पडून होती. ठमी खुर्ची सोडून कुठे जातच नव्हती, तर बांधायची कशाला? तिच्या लॅपटॉपकडे चोर काही फिरकला नाही. पहाऱ्यात सापडली ती ठमी. तिचा आता श्वास कोंडायला लागला होता.

दूरच्या शहरात पुलांचे आराखडे करणाऱ्या कचेरीत तिला नोकरी लागली होती. उद्या सकाळी हजर व्हायचं होतं. दादा म्हणाला होता, “माझ्या नजरेआड नाही.” विषय तिथेच संपला. आईने मात्र आज डोळे पुसत कपड्यांची पिशवी भरून दिली. शेवटची बस आता थोड्या वेळात सुटणार होती.

लॅपटॉप सोबत न्यावा, तर दादा पुढच्याच थांब्यावर बस अडवणार. इथे सोडून जावा, तरी तेच. याच हॉलमधून गेल्या महिन्यात दोन लॅपटॉप गेले होते. चोराने उचलला की ठिपका पळणार, मागोमाग दादा पळत येणार आणि ती अजून बसस्टँडवरच असणार. इकडे आड, तिकडे विहीर.

मग पेन काढायला तिने दप्तरात हात घातला आणि बोटांना ती तार लागली.

पुन्हा फोन वाजला तेव्हा अंधारून आलं होतं.

“इतका वेळ ठिपका तसूभर हलला नाही,” दादाचा आवाज खूश होता. “असं बसावं माणसाने. येऊ का न्यायला?”

ठमीला भरून आलं. त्याने वाईट कधीच चिंतलं नव्हतं, हेच तर अवघड होतं. तिने बसच्या खिडकीची काच लावून घेतली, म्हणजे वाऱ्याच्या आवाजात शब्द हरवायला नकोत.

“ये ना, दादा. लॅपटॉप अगदी नीट आहे, तुझ्याच तारेने बांधलाय. किल्ली ग्रंथपालबाईंकडे ठेवलीय.”