वांग्याची तहान

कुमुदताईंनी परसातल्या दुधीला, मिरचीला तांदळाचं धुवण घातलं, मुळांशी पाला पसरला. कोपऱ्यातलं वांगं तेवढं कोरडंच ठेवलं.

"वांग्याने मान टाकलीय हो," कुंपणापलीकडून शेजारच्या बेबीवहिनी म्हणाल्या. "यंत्राने पाणी हवं म्हणून सांगितलं नाही?"

"सांगेल आता. आमच्या हेरंबने जहाजावर जाताना प्रत्येक झाडाच्या यंत्रात आपलाच आवाज भरून दिलाय. त्याचा फोन काय, गणपतीलाच येतो."

"मग आधीच पाणी घाला की."

"घातलं की ते गप्प बसतं."

वहिनी आत गेल्या. भरला तांब्या मांडीवर घेऊन कुमुदताई वांग्यापाशी बसून राहिल्या. ऊन विहिरीपर्यंत सरकलं, तेव्हा मुळाशी खोचलेलं यंत्र बोललं, "आई, तहान लागलीय."

"आले रे," त्या म्हणाल्या, आणि घोटभरच पाणी घातलं.