मधूनमधून एक उडी

रुचीला मैत्रिणींसोबत ठोकळ्यांची घरं बांधायचा ऑनलाइन खेळ खेळायचा होता. त्यासाठी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर कोणतं सर्व्हर सॉफ्टवेअर टाकावं, हे काही तिला ठरवता येईना. तिचे आजोबा लीलाधर निवृत्त ग्रंथपाल. त्यांनी तीन दिवस चष्मा पुसून पुसून नेटवरची सगळी इंग्रजी माहिती वाचली. आपलं चुकलं तर, या धास्तीने दोनदा निवड बदलली. शेवटी त्यांनी असं एक निवडलं, जे रिकामे बसलेले खेळाडू आपोआप बाहेर काढून जागा मोकळी ठेवतं.

बक्षीस म्हणून रुचीने त्यांनाही त्यांच्या मोबाइलवरून खेळात घेतलं. मुली भिंती रचत होत्या. आपली लुडबुड नको, म्हणून लीलाधर खेळातल्या तळ्याकाठी उभे राहून कौतुकाने बघत राहिले. पाच मिनिटांत त्यांच्या मोबाइलवरून तळं, भिंती, सगळा खेळच गायब झाला.

"आबाजी, नुसते उभे काऊन राहिले होते?" रुची हसत सुटली. "तुम्हीच तर निवडलं ना! काही करत नसला तं सर्व्हर हाकलून देते."

"मग मी काय करू, बेटा? मला बांधता येत नाही."

"काही पण करा. मधूनमधून एक उडी मारली तरी त्याला वाटते, माणूस कामात आहे."

तेवढं लीलाधरांना लगेच जमलं. कुडव्याला मुलाकडे राहायला आल्यापासून, सुनेची चाहूल लागली की ते हातातलं पुस्तक मिटून उठत आणि भरलेला माठ पुन्हा भरायला घेत.