ढग सुटेपर्यंत

सकाळी इंगेरने कॉफी ठेवली, राईच्या पावावर चीज आणि काकडीच्या चकत्या घातल्या आणि उभ्याउभ्याच खाल्ले. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडला. आठ वाजता ती आपल्या दवाखान्यात होती. खुर्चीवरचा दिवा तिने लावला. दाताच्या डॉक्टरचा दिवा तो. कुठे सावली म्हणून पडू देत नाही. तिला तो आवडत असे.

"आज वडिलांचा अंत्यविधी ना तुमच्या?" खुर्चीतल्या सुताराने सुजल्या गालाने विचारले. "आणि तुम्ही इथे?"

"तो एक वाजता आहे. तुमची दाढ तोवर थांबेल?"

"छे हो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"मग आ करा."

एक वाजता किनाऱ्यावरचे जुने चर्च गच्च भरले. इंगेरच्या वडिलांना, नामवंत कॅमेरामन आल्व्हार लिंदेक्रांत्स यांना निरोप द्यायला स्टॉकहोमहून दिग्दर्शक आले होते, नट्या आल्या होत्या, त्यांच्या हाताखाली घडलेले आणि आता स्वतःच म्हातारे झालेले कॅमेरामन आले होते. जाण्यापूर्वी आल्व्हारनी पाद्री हेलेना यांना आपली इच्छा बजावून सांगितली होती. चर्चमध्ये एकही दिवा लावायचा नाही. दक्षिणेच्या खिडकीतले ऊन शवपेटीवर येईल, तेव्हाच लोकांनी फुले ठेवायला उठायचे. त्याआधी नाही. इंगेरने त्या इच्छेप्रमाणे सगळी व्यवस्था केली होती. मुलीने करायचे ते केले होते.

ऊन मात्र येत नव्हते. फेब्रुवारीचे आभाळ समुद्रापर्यंत खाली आलेले. प्रार्थना आटोपली, ऑर्गन वाजून थांबला, आणि माणसे हातात एकेक फूल धरून अंधारात बसून राहिली. कोणी कुरकुर केली नाही. उलट मागच्या बाकांवर दबके हसू फुटले.

"मेल्यावरही ताटकळत ठेवलंच म्हाताऱ्याने!"

"आम्हाला एकदा आठवडाभर खडकावर बसवलं होतं. का, तर म्हणे आजचं ऊन खोटं बोलतंय."

"आणि मग?"

"मग जे मिळालं, ते बघूनच तू या धंद्यात आलास, गाढवा."

सगळ्या वृत्तपत्रांनी त्यांच्या संयमाचे गोडवे गायले होते. प्रकाशासाठी थांबणारा माणूस, असा मथळा होता. पहिल्या बाकावर इंगेर एकटी बसली होती. तिच्या हातातले पांढरे ट्यूलिप मान टाकू लागले होते.

वडिलांचा जन्माचा लाइटमन स्तुरे, आता ऐंशीच्या पुढचा, खिडकीपाशी उभा राहून आभाळ न्याहाळत होता. तो तिच्याकडे येऊन वाकला.

"पाचच मिनिटं, पोरी. ढग सुटतोय."

इंगेर त्याच्याकडे पाहतच राहिली. तेच शब्द. आवाजही तोच, फक्त थकलेला.

तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आई इथल्याच इस्पितळात होती आणि डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली होती. वडिलांचे चित्रीकरण अर्ध्या तासाच्या वाटेवर, बंदरापलीकडे चालले होते. इंगेरने बंदरावरच्या कचेरीत फोन लावला. फोनवर आला तो स्तुरे. "बाबा म्हणतात, पाचच मिनिटं, पोरी. ढग सुटतोय. आईला सांग, निघालोच." तिने आईला सांगितले. आईने पलंग दाराकडे वळवून घेतला. मग ती दाराकडे पाहत राहिली. ढग संध्याकाळी सुटला. पाण्याकाठी उभ्या असलेल्या बाईच्या चेहऱ्यावर हळूहळू उजळत जाणारे ते ऊन आज जगभरच्या चित्रपटशाळांत दाखवतात. वडील रात्री आले, तेव्हा दाराकडे पाहणारे कोणी उरले नव्हते.

स्तुरेला यातले काही आठवत नव्हते. हे वाक्य त्याने जन्मभर इतक्या जणांना सांगितले होते.

इंगेर उठली. तिच्या पायांचा आवाज फरशीवर घुमला. गायकवृंदासाठी छताला मोठे पांढरे दिवे बसवलेले होते. त्यांची बटणे खांबाच्या मागे होती. तिने ती सगळी दाबली.

चर्च दवाखान्यासारखे लख्ख झाले. लोकांनी डोळे मिचकावले. शवपेटीची सावली नाहीशी झाली. वार्निश तेवढे चकाकू लागले. हेलेना गोंधळून पाहू लागल्या.

"सुरू करा," इंगेर म्हणाली.

माणसे क्षणभर घुटमळली, आणि मग मुलीचाच शब्द म्हणून उठली. रांग लागली. एकेक फूल पेटीवर पडू लागले. आणि तेवढ्यात ढग खरोखरच सुटला. दक्षिणेच्या खिडकीतून उन्हाचा एक तिरपा पट्टा आत आला आणि शवपेटीवर चढला. त्या पांढऱ्या झगझगाटात तो कोणालाच दिसला नाही. दिसला फक्त स्तुरेला.

तो धडपडत खांबापाशी आला. "आलं! ऊन आलं, पोरी! बंद कर, बंद कर ते दिवे!"

इंगेरने बटणांवर हात ठेवला.

"पाचच मिनिटं, स्तुरेकाका," ती म्हणाली. "निघालेच."

स्तुरेने पुढे केलेला हात तसाच राहिला. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि मग तो हात हळूहळू खाली आला.

ऊन पेटीच्या कडेपर्यंत सरकले, फिकटले आणि विझले. खिडकीत पुन्हा ढग भरला. रांग संपली. इंगेरने आपले ट्यूलिप सर्वांच्या शेवटी ठेवले, खांबापाशी परत आली, आणि वडिलांच्या इच्छेप्रमाणे एकेक करून सगळे दिवे मालवले.