चार वाजताचं आभाळ

चार वाजून दोन मिनिटांनी ‘आभाळवही’ पुन्हा बंद पडली. महिन्यातली ही बाविसावी खेप.

स्वयंपाकघरात फोन खणखणला. आईला कमी ऐकू येतं म्हणून घंटीचा आणि बोलण्याचाही आवाज घरभर ऐकू जाईल एवढा मोठा ठेवलेला.

“साइट उघडत नाहीये हो,” कोणीतरी म्हणालं.

“काम चालू आहे,” आई ठसक्यात म्हणाली. “दहा मिनिटं दम धरा.”

मग तिने चहाचं आधण ठेवलं. दहा मिनिटांनी लेक आतल्या खोलीतून बाहेर आली, तेव्हा साइट सुरू झालेली होती.

आभाळवही म्हणजे शे-दीडशे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं आई लाडाने म्हणायची. दुपारी साडेतीनच्या सुमाराला जो तो आपल्या खिडकीबाहेर बघायचा आणि दिसेल ते आभाळ दोन ओळींत लिहायचा. ‘धुतलेली चादर, एका कोपऱ्यात चुरगळलेली.’ ‘आज काहीच नाही. नुसतं निळं. पण किती!’ वाचता वाचता डोळे जड व्हायचे आणि आपले पाय जमिनीला टेकलेले नाहीतच असं वाटायला लागायचं.

ही साइट बाबांनी उभी केली, घरातल्याच एका मशीनवर. ती बंद पडली की पडद्यावर त्यांनी लिहून ठेवलेलं पान यायचं : ‘मी बघतोय. फारच घाई असेल तर घरी फोन करा.’ खाली घरचा नंबर. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि मशीन लेकीच्या गळ्यात पडलं. ते पान मात्र तिने बदललं नाही.

सभासद तसे समजूतदार, पण रोज मरे त्याला कोण रडे. त्यात एका जुन्या सभासदाचं, मास्तरांचं, पत्र आलं. मास्तर अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या खिडकीतून समोरची भिंत दिसते, बस्स. त्यांनी सुनेकडून लिहवून घेतलं होतं : ‘चारला सूनबाईला जरा उसंत मिळते. तेवढ्यात ती मला आभाळ वाचून दाखवते. नेमकी तेव्हाच तुमची वही मिटते. माझ्याकडे दुसरं आभाळ नाही.’

लेकीने ते तीनदा वाचलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

सभासदांच्या कमिटीने ठरवलं, शनिवारी कुलूपवाले काका मशीन बघून येतील. रविवारपासून एकदा जरी साइट बंद पडली, तरी ती भाड्याच्या मशीनवर हलवायची आणि घरातलं मशीन मोडीत काढायचं. कुलूपवाले काका म्हणजे बाबांचे जुने दोस्त. कुलपं आणि किल्ल्या करण्यात जन्म गेला, पण बंद पडलेली कुठलीही वस्तू त्यांच्याकडेच जायची.

काका दारातच थबकले. “ही वरची कडी नवी दिसते. एवढ्या उंच?”

“दार आपोआप उघडतं, काका,” लेक म्हणाली.

त्यांनी वायरी पाहिल्या, पंखा पाहिला, मशीनवरून हात फिरवला. सगळीकडे धूळ होती. मागच्या चालू-बंद करायच्या बटणावर मात्र त्यांचा अंगठा थांबला. ते बटण लख्ख होतं.

“या खोलीत कोण कोण येतं?”

“मी. आणि आई येते, चहाचा कप ठेवायला.”

“हं.” काकांनी हत्यारं पिशवीत भरली. “मशीन म्हातारं झालंय, पण ठणठणीत आहे.”

ते स्वयंपाकघरात जाऊन बसले. लेक म्हणाली, मी अजून एकदा बघून येते. चारला साइट बंद पडली, फोन खणखणला, आईने ठसक्यात उत्तर दिलं आणि ओट्यावर चार कप मांडले. घरात माणसं तीन. काका कपांकडे बघत राहिले.

निघताना ते हळूच म्हणाले, “वहिनींकडे लक्ष ठेव, पोरी.”

“ठेवतेच आहे, काका.”

“मी आता मास्तरांकडे जातो. त्यांच्याशी बोलायला हवं.”



रविवारी साडेतीनला तिने आपलं आभाळ लिहिलं : ‘पिंजलेला कापूस. त्यात एक ढग वाट चुकलेला, घराघरात डोकावत चाललेला.’ मग ती आतल्या खोलीत जाऊन बसली.

चार वाजले. तिने अंगठा त्या लख्ख बटणावर ठेवला. रोज ठेवायची तसाच.

आईची आठवण उसवत चालली होती. चार वाजायला आले की ती बाबांची वाट बघायची आणि शोधायला निघायची. एकदा परक्या लोकांनी तिला अनवाणी घरी आणून सोडलं होतं. मग एक दिवस मशीन खरोखरच बंद पडलं, फोन आला, आणि आई एकदम शांत झाली. साइट बंद आहे म्हणजे हे आत मशीनपाशी बसलेत, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिने चहा टाकला, एक कप आत आणून ठेवला. त्या दिवसापासून लेक रोज चारला हे बटण दाबत होती.

पण मास्तरांकडे दुसरं आभाळ नव्हतं. लेकीने अंगठा मागे घेतला. मशीन घुमत राहिलं.

“अगं, हे अजून कसे आले नाहीत?” बाहेरून आईचा आवाज आला. मग पावलं. मग दाराकडे स्टूल ओढल्याचा आवाज. लेक धावत बाहेर आली. आई स्टुलावर चढून वरच्या कडीला हात घालत होती.

तेवढ्यात फोन खणखणला.

आई थांबली. सावकाश खाली उतरली. “हॅलो?”

“वहिनी, मी मास्तर बोलतोय. तुमची साइट बंद पडलीय हो.”

“असं होय!” आईचा चेहरा उजळला. “काळजी करू नका. हे बसलेत मशीनपाशी. दहा मिनिटं दम धरा.”

लेक तिथेच उभी राहिली. फोनमधून, मास्तरांच्या आवाजामागून, त्यांची सून हळू आवाजात वाचत होती, “...त्यात एक ढग वाट चुकलेला, घराघरात डोकावत चाललेला.”