राक्षसाचा आवाज

"जरा ढिला कर गे," राक्षसाचा मुकुट चढवलेला अंकुश बायकोला, प्रभावतीला, म्हणाला. देवळाच्या मांडवात दशावताराची तालीम चालली होती. वेळ पडली तर राक्षस करता यावा म्हणून त्याचा धाकटा भाऊ कडेला बसून बघत होता.

कानामागची चकती बसवल्यापासून त्याच्या फिटी थांबल्या होत्या. मेंदूतल्या पेशी एकदम भडकू लागल्या, की चकती त्यांना तिथल्या तिथे शांत करी. पण भडकल्याशिवाय राक्षस कसा उभा राहणार? वर्षभर अंकुशचा संकासुर राक्षस असूनही सत्यनारायणाची कथा सांगितल्यासारखा बोलत होता.

चकतीचा ताबा प्रभावतीच्या फोनवर होता. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत तिने तो सैल केला.

अंकुश गरजला. मृदंगवाल्याचा हात जागच्या जागी थांबला. प्रभावतीच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात अंकुशच्या डाव्या हाताची बोटं थरथरू लागली, आणि तिने घाईघाईने ताबा पुन्हा आवळला. गर्जना अर्ध्यावरच विझली.

तो येऊन तिच्याशेजारी बसला.

"भियालंस?"

"होय."

"राक्षसाक की फिटीक?"

"आदी राक्षसाक," तिने खरं तेच सांगितलं.

अंकुश समाधानाने हसला. मग त्याने स्वतःच मुकुट उतरवला आणि धाकट्या भावाच्या डोक्यावर नीट बसवला.